बाभळीचा ठोकळा

चाकणच्या वेशीबाहेर, नाशिक रस्त्याला लागून भिमाजी मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. पुढे शेड, मागे दोन खणांचं घर, मधे नुसती कुडाची पातळ भिंत. लढाईच्या दिवसांत भिमाजी लष्कराच्या वर्कशॉपात मोटारी खोलायला शिकला आणि एक गोष्ट पक्की डोक्यात घेऊन आला. हलणाऱ्या वस्तूला हलायचं कारण असतं. कारण सापडत नसेल तर मिस्त्री आंधळा, असं तो कुणाच्याही तोंडावर सांगायचा.

पण बायकोच्या थरथरीपुढे त्यानं हात टेकले होते. शालनला दिवसाआड हिवताप यायचा. एक दिवस बाई ठणठणीत, दुसऱ्या दिवशी दुपार कलली की हुडहुडी. आधी थंडी, इतकी की अंगाखालची खाट वाजायची. मग अंग तव्यासारखं तापायचं. मग असा घाम सुटायचा की लुगडं पिळून घ्यावं. ह्या तापापायी तिची दोन मुलं पोटातच गेली होती आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

कोयनेलच्या कडू गोळ्या झाल्या, खेडच्या दवाखान्याचे हेलपाटे झाले. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला म्हणताच भिमाजी सायकल हाणत तिथं गेला. फाटकावरचा माणूस भला होता. म्हणाला, "राव, हे औषध त्या तापाचं न्हाई." परतताना मोशीच्या पुढे भिमाजीनं सायकल झाडाला टेकवली आणि पोटभर रडून घेतलं. घरी मात्र डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं.

मग चऱ्होलीहून सासूबाई आल्या, सुभद्राबाई. पहाटे कुणाशी एक अक्षर न बोलता त्यांनी लेकीला शेडमागच्या बाभळीपाशी नेलं, तिच्या अंगावरून काळा दोरा उतरवला आणि खोडाला गुंडाळून गाठ मारली. "पोरीचा पाव्हणा आजपास्नं तुज्या घरी," असं झाडाला बजावलं. भिमाजी गालात हसला. हसो बापडा! त्या दिवसापासून ताप आला नाही. कोयनेल उशिरा लागू पडलं, असं तो म्हणायचा. शालनच्या गालांवर मांस चढलं. पोटातलं पोर लाथा मारू लागलं, तेव्हा ती त्याचा हात ओढून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "तुमच्यासारखंच अवखळ हाय."

फाल्गुनात रस्ता रुंद करणारे आले आणि त्यांनी बाभूळ आडवी केली. सुभद्राबाईंनी आकांत मांडला. दोऱ्याखालचा खोडाचा तुकडा तेवढा त्यांनी भांडून मिळवला. "जावईबापू, ह्यो जाळायचा न्हाई, टाकायचा न्हाई. कुटंतरी घट्ट ठेवा." बरं, म्हणून भिमाजीनं तो शेडच्या कोपऱ्यात सरकवला.

त्याच आठवड्यात दौलतराव आले. दौलतराव म्हणजे कांद्याचे अडते, आवाज मोठा, मन त्याहून थोडं लहान. त्यांची मोटार लढाईच्या आधीची, विलायती, काळीभोर, नि मालकाइतकीच मिजासखोर. "मिस्त्री, हिच्यात बसलं की दात वाजतात राव. बघा काय रोग झालाय."

भिमाजीनं बॉनेट उघडून त्यांनाच आत बसवलं, ब्रेक दाबून धरायला लावला आणि गियर टाकून क्लच हळूहळू सोडायला सांगितला. इंजिन एका अंगानं उचललं गेलं आणि पंखा रेडिएटरला चाटून गेला.

"फाउंडेशन गेलं," भिमाजी म्हणाला.

इंजिन काही सांगाड्यावर तसंच ठेवत नाहीत. मधे रबराचे जाड तुकडे असतात, त्यांनाच मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची सगळी थरथर ते गिळतात. हिचं रबर तेल पिऊन पिऊन जुन्या गुळासारखं झालं होतं. अस्सल रबर पुण्यात मिळेना, तेव्हा भिमाजीनं ट्रकच्या टायरचे तुकडे कापले. जाडी कमी पडली. खाली कठीण लाकडाचा ठोकळा हवा होता आणि कोपऱ्यात बाभूळ होतीच. "घट्ट ठेवा म्हणाल्या ना सासूबाई? घ्या, बोल्टानं आवळून ठेवतो," असं पुटपुटत त्यानं ठोकळा कापला, भोक पाडलं नि बसवला.

मोटार मजेत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली.

"काल लोण्यावाणी चालली," दौलतराव चिडून म्हणाले, "अन् आज दुपारपास्नं बघा!"

पुढे हेच. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी दुपार कलली की थरथर. गावात टिंगल सुरू झाली, अडत्याच्या मोटारीला हिवताप भरला म्हणून. भिमाजीलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यानं प्लग बदलले, पेट्रोल गाळलं, कार्ब्युरेटर धुतला. शेवटी मोटार शेडमध्येच ठेवून घेतली आणि वाईट दिवसाच्या दुपारी तिच्याजवळ स्टूल टाकून बसला. किल्ली त्याच्या खिशात होती.

उन्हं कलली. बंद मोटारीचं बॉनेट थरथरू लागलं.

त्यानं हात ठेवला. वैशाखातला पत्रा तो, पण विहिरीतल्या दगडासारखा गार. दारांच्या काचा वाजू लागल्या, पुढचे दिवे वाजू लागले. बऱ्याच वेळानं थरथर थांबली आणि पत्रा तापू लागला, इतका की बोट ठेववेना. मग त्यावर बारीक थेंब फुटले. थेंब मोठे झाले, ओघळले, खालची माती ओली झाली.

भिमाजीनं एक थेंब जिभेला लावला. खारट होता.

आधी थंडी, मग ताप, मग घाम. शालनच्या अंगावरचा असाच घाम त्यानं किती दुपारी फडक्यानं पुसला होता! त्याला सासूबाईंचा बाभळीचा तुकडा आठवला. कुडापलीकडे शालन जात्यावर ओवी म्हणत होती, आवाज कसा निकोप. भिमाजीनं मनाशी ठरवून टाकलं, ही मोटार अशीच राहील. जन्मभर थरथरेना का. कुणाला काही सांगायचं नाही.

पण दौलतराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी मुंबईहून अस्सल रबर मागवलं आणि नाशिकचं गिऱ्हाईकही ठरवलं. "मिस्त्री, आत्ता बसवा. आज नाशिक गाठायचंच."

तो वाईट दिवस होता.

"दौलतराव, पाया पडतो. विकू नका ही गाडी."

"डोकं फिरलं का राव तुमचं? गाडी माझी, विकणारा मी. जमत नसंल तर दुसऱ्या मिस्त्रीकडं नेतो. तो समदं जुनं काढून भंगारात टाकंल."

म्हणून भिमाजीनंच पाना उचलला. दौलतराव बाहेर विडी ओढत उभे राहिले. त्यानं इंजिनाखाली फळी घालून जॅक लावला, बोल्ट सोडले, टायरचे तुकडे काढले आणि ठोकळा ओढला.

कुडापलीकडे खाट वाजली.

"आई गं!" शालन किंचाळली.

त्यानं ठोकळा परत आत सारला. खाट थांबली.

एकदा घडलं तर त्याला योगायोग म्हणता येतं. भिमाजी मिस्त्री होता. रडत रडत त्यानं ठोकळा पुन्हा बोटभर ओढला.

खाट वाजली. ह्या वेळी शालन नुसती कण्हली. "अवो, पोटात कळ... बाळ..."

त्यानं दोन्ही हातांनी ठोकळा दाबून धरला. तिसऱ्यांदा बघायची त्याची हिंमत नव्हती.

आता करायचं काय? ठोकळा काढला तर शालन जाते. ठेवून वर टायरच लावलं, तर मोटार थरथरणार आणि दुसरा कुणी खोलून तो फेकून देणार. मग त्याला सुचलं, आणि सुचलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. ठोकळा खाली राहू दे. वर अस्सल रबर. थरथर गिळायची हेच तर त्याचं काम. मोटार थरथरणार नाही, शालन थरथरणार नाही, कुणी खोलणार नाही.

वरची जागा कमी होती, म्हणून रबर तासलं. बोल्ट हात दुखेपर्यंत आवळले. जॅक काढला.

इंजिन सुरू झालं. दौलतरावांनी बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांचा विश्वासच बसेना. "चालू हाय न्हवं का हे?" धूर निघत होता म्हणून कळत होतं. "मानलं मिस्त्री तुमाला!"

मोटार नाशिक रस्त्यानं गेली. तिचा आवाज शेडच्या दारापर्यंतही आला नाही.

भिमाजी धावतच घरात शिरला. शालन चुलीपाशी उभी होती. चेहरा शांत होता, अंगावर शहारा नव्हता. त्याला भडभडून आलं.

"कसं वाटतंय गं?"

"लई बरं. मगा जरा कळ आली हुती, पर आता समदं थांबलं बगा."

"आणि बाळ?"

"निजलंय. एक लाथ बी मारली न्हाई. गुणाचं झालं."

त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिचं मनगट धरलं. बंद पडत आलेल्या इंजिनाचा ठोकाही ज्या बोटांना कळायचा, ती बोटं त्यानं मनगटावर फिरवली, मग गळ्यापाशी लावली. कातडी उबदार होती, पण ठोका कुठंच लागेना.

"असं काय बगताय?" शालन हसली. "हात धुवा. वाढते."

बाहेर रस्ता मोकळा पडला होता. ठोकळा नि त्यावरचं रबर घेऊन मोटार आतापर्यंत भामा नदीचा पूल ओलांडून गेली असणार.

शालननं आमटीची वाटी काठोकाठ भरली आणि ती घेऊन चुलीपासून त्याच्यापर्यंत चालत आली. वाटीतली आमटी आणि वरचा तेलाचा तवंग जराही हलला नाही.