मेंढरांचं औषध

सोनाली, मोबाईल उलटा ठिव. ऐकायचं नसंल तर समदी झोपाय जावा, मला बी झोप आलीय.

अजिनाथ माझा साडू. मैंदर्गीच्या अलीकडं रस्त्याला लागून त्येची वस्ती. त्येचा बाप बिरुदेव आबा तीन वर्सं अंथरुनाला खिळलेला, लघवीला कायमची नळी. म्हैन्याला ती बदलायला कमलम्मा यायची. रिटायर झालेली नर्स, बोलनं निम्मं मराठी, निम्मं कानडी. जाताना दर टायमाला दम द्यायची, "अजिनाथ, नळीतनं आत औषध सोडायचं न्हाय. ब्याड! चोंदली तर मला बोलव." ब्याड म्हंजी नको.

गेल्या साली, पौषातल्या अमावशेची रात. नळी चोंदली. म्हाताऱ्याचं पोट टम्म फुगलं. कमलम्माला सात फोन लावले, कुनी उचलंना. बायको दिपाली म्हायेरी. अजिनाथ चार रात्री झोपला नव्हता, आनि दमलेल्या मानसाची अक्कल त्येच्या आधी झोपती. त्येच्या मनात आलं, मेंढराच्या सडक्या खुरावर घालतो ते औषध सिरिंजनं नळीत सोडावं. जंतू त्ये जंतू, मेंढराचं काय नि मानसाचं काय! आमा धनगरांची ही खोडच हाय. चार मेंढरं बरी केली की आमाला वाटतं, आपन डाक्टर झालो.

गाडी काढली. मेंढरांच्या वाड्यावर जाऊन बाटली घिऊन आला. तवा एक वाजून धा मिन्टं झाल्ती. पान्यात औषध कालवलं. वासानंच डोळ्यातनं पानी आलं त्येच्या.

बाप म्हनला, "कर बाबा कायबी. न्हायतर मरू दे मला."

सिरिंज भरली. नळीला लावली.

लाईट गेली.

अंधारात... मनगटाला हात लागला.

थंड. रबरी हातमोज्यातला.

"आबा?"

आबा समोर कन्हत व्हता. हात मागनं आल्ता...

मनगट दाबलं. सिरिंज खाली पडली.

"ब्याड..."

...

मग? मग काय न्हाय. भ्यायला बी अंगात जोर लागतो की. त्यो न्हवता त्येच्यात. भिंतीला टेकला आनि तसाच झोपला.

सकाळी बघतो तर बिरुदेव घोरतोय. लघवीची पिशवी भरलेली. नळी नवी. अजिनाथ लाजंनं रडला. कमलम्माला फोन लावला. तिच्या सुनंनं उचलला, राजेश्वरीनं.

"ताई, रात्री तुमच्या आत्याबाई आल्त्या म्हनून आबा वाचला बगा. त्येंना सांगा तेवडं."

राजेश्वरी म्हनली,

"दादा... आत्तींना जाऊन आज चार दिस झालं. फोन कपाटात पडून व्हता, आजच बाहीर काढला."

त्येनं बापाला गाडीत घालून सोलापूरला न्हेलं. डाक्टरांना त्या औषधाचं समदं सांगितलं. डाक्टर तपासून म्हनले, "ते औषध आत गेलं असतं तर मूत्राशय भाजलं असतं. नळी मात्र उत्तम बदललीय. कोणी बदलली?"



डाक्टरांनी म्हाताऱ्याच्या मांडीवरची चिकटपट्टी दावली. नळी बदलली की नर्स तिच्यावर तारीख घालती. हितं बी निळ्या पेनानं घातली व्हती. त्याच रातीची. कानडी आकड्यांत.

अजिनाथच्या घरात कानडी लिवता कुनालाच येत न्हाय.