एका खोलीची तक्रार

चष्मेवाली तिकिटांच्या कार्यालयात शिरली तीच तावातावानं. उन्हासाठी उघडलेली छत्री मिटायचंही भान नव्हतं. हातातलं पत्र तिनं काउंटरवर आपटलं.

"मावशी, हे काय आहे?"

काउंटरमागच्या मावशींनी पत्र सावकाश वाचलं. हिमनद्यांच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीवर, मोसमाच्या शेवटच्या फेरीत, तळाची बिनखिडकीची एक खोली दोन प्रवाशांच्या नावे राखून ठेवली होती. एक प्रवासी चष्मेवाली. दुसरा... कोणी एक पुरुष.

"बरोबरच आहे की," मावशी म्हणाल्या. "एकट्या माणसानं खोली घेतली तर भाडं दोघांचं पडतं. तू म्हणालीस, दुप्पट देणार नाही. मग आणखी एक एकटा आला. त्यालाही दुप्पट द्यायचं नव्हतं. दिलं दोघांना जोडून."

"जोडून? मी काय बटण आहे शर्टाचं?"

मावशींनी तीस वर्षं बसच्या सहलींची तिकिटं विकली होती. बाकावर दोन अनोळखी माणसं शेजारी बसतात, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बोटीची तिकिटं त्यांच्याकडे याच वर्षी यायला लागली होती. खोली म्हणजे जरा मोठा बाक, अशी त्यांची भाबडी समजूत.

"बाकावर कोणी आठ दिवस झोपतं का, मावशी?"

"माझ्या बसमध्ये झोपतात."

मागून कोणीतरी हसलं. ती गर्रकन वळली. दाराशी एक उंच माणूस उभा होता. इतक्या उकाड्यात त्याच्या अंगात कापसाचं जाड जाकीट, आणि हातात... अगदी तसंच पत्र.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. मीही भांडायलाच आलो होतो. पण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं भांडता, म्हणून थांबलो."

तो शीतगृहात यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर फळं आणि मासे गारठवायचे, हे त्याचं काम. "आयुष्यभर थंडी तयार केली," तो म्हणाला, "एकदा आयती थंडी बघावी म्हटलं."

त्याच्या बोलण्यावर हसू येत होतं, पण रागाच्या भरात ती हसणार नव्हती.

तिच्या रागाला जुनं कारण होतं. बारा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात लोकांना खुर्चीत बसवून म्हणत आली होती, "लांबचं बघा. दिसतंय का नीट?" अक्षरांच्या तक्त्याशेजारी एक जुनं कॅलेंडर होतं, निळ्या बर्फाच्या डोंगराचं. वर्ष संपलं तरी ते तिनं काढलं नव्हतं. गिऱ्हाईक लांबचं बघायचं, आणि ती स्वतः मात्र आजोळच्या गावापलीकडे कधी गेली नव्हती. मोसमाच्या शेवटी भाडं उतरतं, खिडकी नसली की आणखी उतरतं, एवढं सगळं तिनं शोधून काढलं होतं. घरी ताई म्हणाली होती, "बर्फच बघायचा ना? फ्रीज उघड." आणि आता, सगळं जमत आलेलं असताना, एकटी आहेस म्हणून दुप्पट दे? एकटं माणूस काय दोन ताटं जेवतं, की दोन उशा घेऊन झोपतं?

"दुप्पट देणार नाही, आणि जाणार तर एकटीच," तिनं जाहीर केलं.

"मीही," तो म्हणाला. "म्हणजे, एकटाच."

निघायला दोन महिने होते. तेव्हा फोनवर भांडायची सोय नव्हती. भांडण टपालानं चालायचं, आणि त्याला चांगलं अक्षर लागायचं. कंपनीला एकत्र पत्र लिहायचं ठरलं. दर गुरुवारी संध्याकाळी, तिचं दुकान बंद झालं की तिथल्या काचेच्या टेबलावर.

पहिला मसुदा त्यानं आणला. तिनं वाचला आणि पेन उचललं.

"नम्र विनंती? कशाला नम्र?"

"पत्राची पद्धत असते हो."

"लुबाडायची पद्धत त्यांची, आणि नम्र आपण?" तिनं 'नम्र' खोडलं. 'विनंती'ही खोडलं. वर लिहिलं, 'जाब.'

तो तिच्या पेनाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "चष्मा काढून रागावता का कधी?"

"चष्म्याशिवाय समोरचा दिसत नाही. मग रागवायचं कोणावर?"

कंपनीचं उत्तर आलं: नियम म्हणजे नियम. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं, चौथंही गेलं. दर पत्रात तो कुठेतरी 'नम्र' लपवायचा आणि ती हुडकून खोडायची. पुढे पुढे तर तो मुद्दामच लिहितो, हे तिच्या लक्षात आलं. तरी तिनं तसं म्हटलं नाही.

एका गुरुवारी त्यानं विचारलं, "तिकडची थंडी झेपेल का तुम्हाला?"

"न झेपायला काय झालं?"

"मग चला तालमीला."

शीतगृहात त्यानं तिला स्वतःचं जाकीट चढवलं. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. जाड दार मागे लागलं आणि थंडी अशी अंगावर आली की तिचा श्वास पांढरा होऊन समोर उभा राहिला. खोक्यांवर बारीक हिमाची साय. कुठे थेंब पडल्याचाही आवाज नाही.

"पाच मिनिटं," तो घड्याळ बघत म्हणाला. "जमेल?"

"तू... तू गप्प बस," ती कुडकुडत म्हणाली. दात वाजत असताना 'तुम्ही' म्हणायला जमेना.

तो गप्प बसला. पण हसू त्याच्या डोळ्यांत मावेना.

बाहेर आल्याबरोबर तिच्या काचा धुक्यानं भरल्या. काहीच दिसेना. तिनं हात वर केला, तर बाह्या आड आल्या. तेवढ्यात त्यानं अलगद तिचा चष्मा काढला, रुमालानं एक काच पुसली... मग दुसरी... आणि कानांवर नीट बसवून दिला. बारा वर्षांत तिनं हजारो लोकांना चष्मे घातले होते. तिला कोणी घातला नव्हता.

"दिसतंय का नीट?" त्यानं विचारलं.

"इतक्या जवळचं नाही दिसत," ती म्हणाली, आणि मागे मात्र सरली नाही.

निघायला तीन आठवडे उरले, तेव्हा कंपनीचं चौथं उत्तर आलं. मावशींनी ते स्वतः दुकानात आणून दिलं. "जिंकलात गं बाई," त्या म्हणाल्या आणि घाईनं निघून गेल्या.

तक्रारीची दखल घेऊन दोघांना दोन स्वतंत्र खोल्या दिल्या होत्या. जादा भाडं नाही. एक खोली बोटीच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या.

तिनं पत्र दोनदा वाचलं, मग त्यानं दोनदा.

"छान झालं," शेवटी तो म्हणाला.

"काय छान झालं?" तिचा पारा चढला. "चार पत्रांत हरले? त्यांना स्वतःच्या नियमाची काही चाड नाही? आणि एक पुढे, एक मागे! जेवायला भेटायचं म्हटलं तर निम्मी बोट चालावी लागेल."

"पण तुला तर एकटीलाच जायचं होतं."

"होतं."

"मग आता?"

तिनं कोरा कागद ओढला, पेन उघडलं. तो वाकून बघायला लागला तसा तिनं हात आडवा धरला. दोन ओळी लिहून तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला आणि कॅलेंडरवरच्या निळ्या डोंगराकडे बघत बसली.

त्यानं वाचलं. 'नम्र विनंती की, दोन खोल्यांऐवजी एकच द्यावी. त्याआधी तीन आठवड्यांत विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन यावं, आणि ताईला तूच सांगावंस.'

"हे कंपनीला?" त्यानं कागद उजेडाकडे धरला.

"कंपनीला कोण 'तू' म्हणतं?"

"आणि नम्र? तू?"

"एकदाच. पुन्हा वाचायला मिळणार नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं. कागदाच्या तळाशी त्यानं काहीतरी लिहिलं आणि कागद परत सरकवला.

'मान्य.'

"एवढंच?" ती उसळली. "मी दोन ओळी लिहिल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा नम्र झाले. आणि तू एका शब्दात...?"

"बाकीचं लिहिण्यासारखं नाही," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा एकदा, अलगद, तिचा चष्मा काढला.