न पाठवलेला निरोप

"योगिनी, हातातलं काम टाक अन् ये. गुलनाजनं दगा देल्ला आपल्याले!"

अन्नपूर्णामावशीचा फोन आला तेव्हा योगिनी कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल तसाच दोरीवर फेकून ती निघाली. गुलनाज? शाळेपासूनची मैत्रीण? शक्यच नाही!

पिंपळगाव राजाच्या पुढचं हे गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. वर्षानुवर्षं वामनरावांच्या घरात बसलेल्या सरपंचकीला पहिल्यांदाच कुणीतरी हात घातला होता, आणि तोही बायकांनी. सरपंचपदाला मावशी, वॉर्डांतून बाकीच्या. अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस.

मावशी ओट्यावर बसली होती. गुलनाज दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"पहिल्यापासून सांग, मावशी."

"कलाबाई उभी राहाले तयार झाली. काल दुपारी माह्या कानात सांगतलं. मी गुलनाजले लिहून कळवलं, तुह्या त्या ॲपवर. अन् दिवेलागणीले वामनराव कलाबाईच्या सासऱ्यापाशी हजर! आज कलाबाई म्हणते, मले नाई उभं राहाचं."

"अजून कोणाले सांगतलं होतं?"

"देवाशप्पथ, कोणालेच नाई."

"कलाबाईनं?"

"तिनं तं नवऱ्यालेही सांगतलं नव्हतं."

गुलनाज उसळली. "मी अम्मीलेही बोलली नाई, योगिनी. पण इथं कोणाले ऐकाचं हाय? तीन वाजता बैठक घेऊन मले पॅनलमधून काढून राह्यले. आज माह्यावर हा डाग लागला, तं आमच्या मोहल्ल्यातली एक बाई पुन्हा पंचायतीची पायरी चढनार नाई. पाहून घे तू."

मावशीनं तोंड फिरवलं.

योगिनीचा जीव दोन्हीकडून अडकला होता. बायकांना ही ॲप्स तिनंच दिली होती. गावात तिचा कॉम्प्युटर क्लास चालायचा, आणि तिथं ती तळमळीनं सांगायची, "बायांनो, फुकटच्या ॲपवाल्याचं पोट कशावर भरते, हे विचारत जा. तुमच्या बोलण्यावर भरते!" मग तिनं निवडून दिलेलं निरोपाचं ॲप आणि मराठी कीबोर्ड, दोन्ही खुल्या कोडचे. कोड कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघावं. कीबोर्डचं तर तिला फार कौतुक. तो इंटरनेट मागतच नाही, मग लिहिलेलं फोनाबाहेर जाणार कुठून?

आता एकतर ॲप खोटं, नाहीतर गुलनाज खोटी. योगिनीला दोन्ही पटेना.

"मावशी, याच्याआधी काय काय फुटलं?"

"विहिरीवरची बैठक. आपण पोचाच्या आधी वामनरावाचा माणूस तिथं बिडी ओढत बसला होता. मंग पत्रकं छापाचं दुकान, त्यानं ऐनवेळी नाई म्हणलं. अन् आता हे."

"अन् काय नाई फुटलं?"

"आता गं बाई! हे काय विचारणं झालं?"

उत्तर गुलनाजनं दिलं. "नूरजहां खालाच्या घरची बैठक. तिथं चिटपाखरूही आलं नाई."

"तो निरोप कोणी देल्ला होता?"

"अन्नपूर्णाकाकूनंच. मलेच देल्ला."

"लिहून?"

"नाई. काकूच्या हाताले कणीक लागली होती. बोलून पाठवला."

योगिनीनं कान टवकारले. ॲप तेच. पाठवणारी तीच, घेणारीही तीच. लिहिलेलं फुटलं आणि बोललेलं शाबूत राहिलं. गुलनाजला फितूरच व्हायचं असतं, तर बोललेला निरोप तिच्या कानात काय अडकून बसला होता?

"मावशी, फोन दे तुहा."

फोनाची काच नवी कोरी होती.

"ही कधी बदलली?"

"गौरीच्या वेळी हातातून पडला. पिंपळगावात शाहरुखच्या दुकानात बसवून आनली." मावशी गुलनाजकडं बघत शब्द चावून म्हणाली, "हिचाच भाऊ."

"अन् विहिरीवरची बैठक?"

"ती आधीची. पोळा झाला अन् लगेच."

योगिनीनं तरीही शाहरुखला फोन लावला. उगाच शंका कशाला ठेवायची?

"भाऊ, काकूच्या फोनाचं लॉक विचारलं होतं का तू?"

"नाई ताई. काच बसवाले लॉक कायले लागते? अन् काकू समोरच बसल्या होत्या, फोनावरून नजर हटवली नाई त्यायनं. काऊन, काच हालली का?"

"नाई, काच चांगली हाय."

गळती काच फुटायच्या आधीपासूनची होती. शाहरुखचा विषय संपला.

योगिनीनं निरोपाचं ॲप उघडलं. खालून कीबोर्ड वर आला आणि ती थबकली.

"अक्षरं एवढी मोठी कशी?"

"मले बारीक कुठं दिसते? पोळ्याच्या जेवनाले जावईबापू आले होते ना, त्यायनं करून देल्ली. मी पोळ्या लाटत होती. म्हणले, मावशी, लॉक सांगा. सांगतलं."

"काय करून राह्यले, विचारलं नाई?"

"जावयाले काय विचारत बसाचं? येडी का काय तू!"

मावशी तिची सख्खी. योगिनीसाठी गावातलं हे स्थळ तिनंच बघितलं होतं. नांदुऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा योगिनीचा नवरा प्रेमानंद या घरचा जावई, आणि जावयाच्या पानात तूप वाढतात, त्याला प्रश्न विचारत नाहीत.

योगिनी सेटिंगमध्ये गेली. कोणत्या ॲपनं किती इंटरनेट खाल्लं, तिथं दिसतं. वर निरोपाचं ॲप होतं, ते ठीक. त्याच्या खाली कीबोर्ड. जो इंटरनेटचं नाव काढत नाही म्हणून ती गावभर सांगत फिरली, तो कीबोर्ड रोज गुपचूप काहीतरी बाहेर पाठवत होता! तिनं आपला फोन काढून ताडून बघितलं. तिच्याकडं तोच कीबोर्ड, तेच चित्र, पण इंटरनेटचा थेंबही खर्च नाही.

तिच्या मनात एक नाव आलं. ते तिनं झटकून टाकलं. कीबोर्डची फाइल मुळातच खराब आली असेल. दुसऱ्याच कुणीतरी फसवलं असेल त्यांना.

"मावशी, लिही. कलाबाईच्या जागी योगिनी उभी राहून राह्यली."

"खरंच?"

"लिही तं खरं. पण पाठवू नको. लिही अन् पुसून टाक."

"पाठवाचं नाई तं लिहू कायले?"

"ऐक माहं."

मावशीनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, पुसलं. गुलनाजचा फोन समोर ओट्यावर पडून होता. त्याच्यावर काहीच आलं नाही. योगिनीचा हिशेब सरळ होता. वामनरावांचा माणूस आता तिच्या सासूच्या दारात येणार, आणि गुलनाज सुटणार.

मावशी चहा ठेवायला उठली. चहाला उकळी फुटायच्या आत फोन वाजला. योगिनीचाच.

प्रेमानंद.

"तू उभी राहून राह्यली म्हणे? घरात कोणाले विचारलंही नाई?"

क्षणभर तिला वाटलं, आपण ऐकलंच नाही.

"कोणी सांगतलं तुम्हाले?"

"गावात बोंब हाय सगळी."

"तुम्ही तं नांदुऱ्यात हाय ना, दुकानात?"

"ते सोड. खरं हाय का नाई, ते सांग."

"तीनले मावशीच्या अंगणात या," ती म्हणाली. "नाई आले, तं तुमच्या आईसमोर बोलीन."

तीन वाजता अंगण भरलं. प्रेमानंद आला आणि सवयीनं खुर्चीकडं वळला. मावशीनंही सवयीनंच खुर्ची पुढं केली. योगिनी उभीच राहिली. तिनं आवाज चढवला.

"गुलनाजनं काही केलं नाई. मावशी लिहायची तेव्हाच फुटायचं, बोलायची तेव्हा नाई. म्हणजे खोट निरोप न्यायच्या ॲपात नाई अन् घेणारीतही नाई. खोट लिहायच्या जागी, कीबोर्डात. शाहरुखनं काच बसवली, पण बैठक त्याच्या आधीच फुटली होती. आज मावशीनं एक निरोप लिहिला अन् पुसला. कोणालेच पाठवला नाई. गुलनाजच्या फोनात तो गेला नाई, अन् ती माह्यासमोरच होती. तरी तो माह्या नवऱ्याले कळला."

अंगणात कुजबूज उठली. प्रेमानंद हसायचा प्रयत्न करत होता.

"काहीही काय बोलून राह्यली?"

"मंग तुम्ही सांगा, न पाठवलेलं नांदुऱ्यात बसून वाचलं कसं? कोड खुला असते, कोणीही घ्यावा. तुम्ही घेतला, त्यात चोरवाट घातली अन् पोळ्याच्या दिवशी मावशीचं जेवन जेवता जेवता तिच्या फोनात टाकला. वरून दिसाले तोच. अक्षरं मोठी केली, म्हणजे बदल दिसला तरी कोणी विचारनार नाई. अन् बायांनो, चूक माहीही झाली. कोणतं ॲप घ्या, हे मी सांगत बसली. कोणाच्या हातून घ्या, हे सांगतलं नाई."

मावशीच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. "जावईबापू, खोटं हाय म्हणा ना."

प्रेमानंद मान खाली घालून बोलला, "वामनरावनं शब्द देल्ला होता. पंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा योगिनीले देतो म्हणून. हिच्यासाठीच केलं मी. किती वर्षं त्या क्लासात घसा कोरडा करते!"

"माह्यासाठी?" योगिनीचा संयम सुटला. "माह्या मावशीले फसवलं, माह्या मैत्रिणीवर आळ येऊ देल्ला, अन् माह्यासाठी? हे खुल्या कोडचं वेड मले कोणी लावलं? तुम्हीच ना! लग्नानंतर रात्र रात्र बसून तुम्हीच शिकवलं, की जे लपवते त्याच्यावर भरोसा ठेवू नाई. मी ते खरं मानलं हो!"

ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. मग एकदम तिला काहीतरी सुचलं. तिनं डोळे पुसले.

"एक सांगा. माह्या फोनाले काऊन हात लावला नाई? मले तं सगळंच माहीत असायचं."

प्रेमानंदनं तिच्याकडं बघितलं. त्याला वाटलं असावं, इथं तरी आपली बाजू बरी आहे. "तुह्या फोनाले कसा लावीन? तुले तं लगेच कळलं असतं."

"असं हाय तं." ती हळू म्हणाली. "मले वाटलं, बायको म्हणून सोडलं असंल."

त्याला आपण काय बोललो ते कळलं, तोवर उशीर झाला होता. त्यानं चप्पल शोधली आणि फाटकाबाहेर पडला. त्याला कुणी थांबवलं नाही.

मावशी उठून गुलनाजजवळ गेली. "चुकलं माहं, पोरी. जावयाचं नाव मनातही आलं नाई, अन् तुहं पहिले आलं."

"हो काकू. पहिले माहंच आलं," गुलनाज म्हणाली. तिनं मावशीचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही. ती सतरंजीवर बसली आणि योगिनीला शेजारी जागा करून दिली.

"आता घरी जाशील?" तिनं हळूच विचारलं.

"जाईन ना," योगिनी म्हणाली. "पण त्याच्या हातचं पाणी प्याले मन होईन का, ते माहीत नाई."