तीन रकान्यांची खोल प्रत

मानवाने काळ, अंतर आणि विस्मरण या तिन्हींवर निर्णायक विजय मिळवला होता. चंद्राच्या पाठीमागच्या वेधशाळेतली चहाची गाळणी मात्र नऊ वर्षं फाटकीच होती.

तिथले एकमेव रहिवासी दिनानाथ खांबेटे आता निवृत्त होत होते. त्यांच्या जागी, यंत्रात, त्यांचीच मनःप्रत राहणार होती. ती काढायला पृथ्वीवरून मुग्धा शेजवलकर आली, तेव्हा टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"माझी वाट पाहत होतात, काका?"

"छे! तो कुमुदचा. जाऊन अकरा वर्षं झाली तिला. पण तिचा कप मांडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. आता साताऱ्याला जाईन, तिनं लावलेल्या सोनचाफ्याखाली बसेन."

दीर्घ सेवेतल्या सगळ्यांप्रमाणे खांबेट्यांच्याही आठवणी तळघरातल्या स्मृतिकोठारात होत्या. डोक्यातल्या चकतीत नुसते त्यांचे पत्ते.

"नुसते पत्ते उतरवलेस तर ती उथळ प्रत," खांबेटे म्हणाले. "लग्नाची यादी दोनदा लिहिली म्हणून पाहुणे काही दुप्पट होत नाहीत."

"म्हणूनच खोल प्रत काढायची. कप्पा उघडायचा, आतलं सगळं नव्यानं उतरवायचं. आत आणखी कप्पा निघाला की तोही."

"कुठवर?"

"फॉर्मवर तीन रकाने आहेत. तीन पातळ्या."

खांबेट्यांचं आयुष्य खात्यात गेलं होतं. ज्याला रकाना नाही ते अस्तित्वात नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी सही केली.

प्रत जागी झाली आणि पहिलंच वाक्य बोलली, "कुमुदचा कप कुठाय?" मग प्रतीला रडू आवरेना.

"याला इथं शंभर वर्षं एकट्यानं काढायचीत," खांबेटे म्हणाले. "माझं दुःख त्याला कशाला? त्याच्यातली कुमुद पुसून टाक."

"पुसलेलं परत येत नाही हं, काका."

"त्याचं ना? माझी माझ्याकडे आहे. तेवढीच तर सोबत आहे."

मुग्धानं पुसलं. प्रत शांतपणे दुर्बीण फिरवू लागली. मग मुग्धानं नोंद पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. साताऱ्याच्या कप्प्यात घर, घरात स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात कुमुद. चौथी पातळी. तिथं प्रत निघालीच नव्हती. फक्त पत्ता उतरला होता. दोघांकडे एकाच कप्प्याचा पत्ता होता, आणि कप्पा रिकामा होता.

"काका, कुमुदकाकू..."

"कोण?" खांबेटे टेबलाकडे पाहत होते. "आणि हा दुसरा कप कुणी मांडला? घे, तूच घे."

तिनं कप घेतला. चहात पावडर तरंगत होती.

"आवरायला घेऊ या ना, काका? यान उद्या निघेल."

"साताऱ्याला घर आहे खरं. पण तिथं जाऊन करू काय? कोण आहे माझं? राहतो इथंच." त्यांनी एक घोट घेतला, जिभेवरची पावडर बोटानं काढली. "तू मात्र एक कर. एक गाळणी पाठव."