आतल्या खोलीची खिडकी

आधीच सांगतो, हे घडलेलं आहे.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. म्हणजे पैसे घेऊन थापा मारल्या. ही गोष्ट मी फुकट सांगतोय. त्यावरून काय ते ओळखा.

यात मध्यरात्र नाही. कुत्रं रडत नाही. दिवे जात नाहीत. जे झालं ते भर दुपारी, जेवणं उरकल्यावर, एका मोठ्या क्रूझच्या आठव्या मजल्यावर. तेही वातानुकूलित.

सहल जावयाने ठरवली होती. "बाबा, पूर्ण आराम. खायचं, झोपायचं, समुद्र बघत बसायचं."

आमची ही आली नाही. "पाण्यावर झोपायला मी काय बदक आहे?" असं म्हणाली आणि विषय मिटवला. तेव्हा आम्ही चौघं निघालो. मुलगी, जावई, मी आणि माझी चार वर्षांची नात. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. एकदा सुरू झाली की आपोआप थांबेपर्यंत वाट बघावी लागते.

आराम त्या दोघांचा होता. सहल भिंगरीची होती. ड्यूटी माझी.

दुपारी तिला झोपवायचं काम माझ्याकडे आलं. ते दोघं वर तरणतलावापाशी आडवे व्हायचे आणि मी भिंगरीला घेऊन माझ्या खोलीत यायचो.

जावयाने आतल्या खोल्या घेतल्या होत्या. आतली खोली म्हणजे बोटीच्या पोटातली. तिला खिडकी नसते. पण माणसाला घुसमटल्यासारखं होऊ नये म्हणून एका भिंतीवर पडदा लावून ठेवतात. छान, जाड, जमिनीपासून वीतभर वर संपणारा. पडदा सरकवला की मागे... भिंत.

नुसती भिंत. लोखंडी, पिवळट रंगाची.

पहिल्या दुपारी भिंगरीने पडदा सरकवला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "आजोबा, समुद्र कुठंय?"

"अगं, आहे की! बघता आला पाहिजे," मी म्हणालो. भिंतीला नाक लावून मी बघायला लागलो. "अरे वा! मासे उड्या मारतायत. एक जाडा मासा तर अगदी तुझ्या बाबांसारखा पोहतोय. पोट वर करून."

ती खुदकन हसली. मीही खूश. बिनखिडकीच्या खोलीत मी खिडकी पाडली होती.

दुसऱ्या दुपारी मासे पुरेनात. तेव्हा मी एक बाई आणली.

"लांब एक बाई पोहतेय. झोपणाऱ्या मुलांना हात करते ती."

"ती पाण्यात का आहे?"

मला झोप येत होती. पोट भरलेलं होतं. तोंडाला येईल ते बोललो. "तिची मुलगी बोटीवर राहिली ना. तिला शोधतेय."

"केवढी मुलगी?"

"तुझ्याएवढी. झोप आता."

ती झोपली. मीही झोपलो.

तिसऱ्या दुपारी मी पडद्याला हातही लावला नव्हता. चपला काढत होतो.

"आजोबा... ती आली."

भिंगरी पडदा धरून भिंतीकडे बघत होती. मला आधी कौतुकच वाटलं. नात माझ्यावर गेली म्हणायची! थापा आमच्या रक्तातच आहेत.

"काय करतेय?"

"काही नाही. खाली उभी आहे. वर बघतेय."

"उभी कशी असेल? पोहत असेल."

"नाही. उभी आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तिचे केस तोंडावर आलेत. तोंड दिसत नाही."

केसांचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

मुलं वाढवून सांगतात, असं मी मनाशी म्हटलं आणि दिवा बंद केला. आतल्या खोलीत दिवा बंद केला की दुपार संपते. डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखंच. त्या काळोखात भिंगरीचा श्वास ऐकू येत होता. माझा श्वास ऐकू येत होता.

आणि भिंतीपलीकडे... पाणी.

बोटीवर पाण्याचा आवाज येणारच, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण समुद्र आठ मजले खाली होता. हा आवाज माझ्या उशीच्या उंचीवर होता.

दुसऱ्या दिवशी खोली आवरणारा मुलगा दारातच थांबला. हसरा, गप्पिष्ट पोरगा. रोज भिंगरीला चॉकलेट द्यायचा.

"आजोबा, पडद्याखाली पाणी सांडलंय का तुमच्याकडून?"

गालिचा ओला होता. पडद्याच्या बरोबर खाली. बाकी खोली कोरडी ठणठणीत.

"नळबिळ गळत असेल," मी म्हणालो.

"या भिंतीत नळच नाही. पलीकडे आमची चादरींची खोली आहे. आत्ताच तिथून आलो. तिथं सगळं कोरडं आहे." त्याने बोट टेकवलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून हसायचं विसरला. "खारट वास येतोय."

जेवताना मी मुलीला म्हटलं, "दुपारी ही तुमच्या खोलीत झोपू दे."

"का हो बाबा? दमलात?"

"खोलीत जरा ओल आहे."

भिंगरी मध्येच म्हणाली, "आई, आजोबांच्या खिडकीत एक बाई येते. काल ती इथपर्यंत होती." तिने हात टेबलाच्या उंचीला धरला. "आज वर येणार आहे."

मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. "बाबा! काय काय भरवता हो तिच्या डोक्यात? उद्या घरी गेल्यावर रात्री-बेरात्री किंचाळत उठली तर तुम्ही येणार आहात का?"

जावई हसत म्हणाला, "असू दे गं. बाबांच्या खोलीत तरी बायका येतात."

मी हसलो. घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

त्या दुपारी मी ठरवलं, ही बाई आपणच आणली, आपणच घालवायची. दिवा चालू ठेवला. पडदा घट्ट ओढून घेतला. भिंगरीला मांडीवर घेतलं.

"ती बाई गेली बरं का. कंटाळली आणि घरी गेली."

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली.

मग... भिंतीवर काहीतरी फिरलं. पलीकडून. टकटक नव्हती ती. ओला तळवा काचेवरून सावकाश ओढत न्यावा तसा आवाज. खालून वर. मग थांबला... आणि पुन्हा खालून वर.

पलीकडे चादरी होत्या. लोखंडापलीकडे, कपाटात, घड्या घातलेल्या चादरी.

"आजोबा," भिंगरी हळूच म्हणाली, "ती म्हणते, तू खोटं बोलतोस."

मी तिला उचललं आणि अनवाणीच वर पळालो. खोली बदलून मागितली. काउंटरवरची बाई फार गोड बोलली. बोट पूर्ण भरली होती.

मग दुपारची झोप मी बंदच केली. पुढचा दिवस शेवटचा होता. त्यानंतरच्या सकाळी दुसऱ्या बंदरात उतरायचं होतं. एकच दिवस काढायचा होता. भिंगरीला मी नजरेआड केलं नाही. वर खेळलो, आइस्क्रीम खाल्लं, पुन्हा खेळलो. लांब मागे एक पांढरी बोट येत होती. निळ्या पट्ट्याची. तिच्याकडे बघून दोघांनी हात केले.

दुपारी भिंगरीने आइस्क्रीम सगळं अंगावर सांडलं. तिचे कपडे माझ्याच खोलीत होते.

दोन मिनिटांचं काम, म्हटलं.

खोलीत शिरलो. सगळे दिवे लावले. दाराची वरची कडी घातली. तिला पलंगावर बसवलं आणि टॉवेल ओला करायला न्हाणीघरात गेलो. न्हाणीघर म्हणजे कपाटच. वळायचं तर आधी बाहेर यावं लागतं.

टॉवेल पिळला. बाहेर आलो.

पलंगावर भिंगरी नव्हती.

दाराची कडी लागलेली. ती तिच्या हाताला पोचत नाही.

पलंगाखाली बघायला वाकलो... आणि पडद्याखाली तिची पावलं दिसली. लाल सँडल. बोटं भिंतीकडे.

हुश्श झालं. पडद्यामागे लपलीये, म्हटलं. हात पुढे केला.

आणि तसाच राहिलो.

पडदा सपाट होता.

पडद्यामागे पोर उभी असली तर पडदा फुगतो की नाही? डोकं दिसतं, पोट दिसतं. पडदा भिंतीला टेकलेला होता. सरळ. इस्त्री केल्यासारखा. खाली पावलं होती आणि वर काहीच नव्हतं.

मग पडदा हलला. आतून वारा आला. गार, ओला, खारट. मोकळ्या समुद्रावर असतो तसा.

आणि फार लांबून भिंगरीचा आवाज. "पण मला माझी आई आहे."

मग शांतता. कुणीतरी काही म्हटलं असावं.

"हो," भिंगरी म्हणाली. "मी तेवढीच आहे."

डावी सँडल जमिनीवरून उचलली गेली.

मला ओरडता आलं नाही. पडदा ओढायचं धाडस झालं नाही. ओढला आणि मागे नुसती भिंत निघाली तर? माझ्या हातात ओला टॉवेल होता आणि तोंडात एक गोष्ट. तेवढंच होतं माझ्याकडे.

"भिंगरे," मी म्हणालो. रोजच्या आवाजात. कसा निघाला देव जाणे. "अगं, गोष्ट अर्धी राहिली की आपली. तिची मुलगी या बोटीवर नाहीच. मी चुकीचं सांगितलं."

सँडल हवेत थांबली.

वाराही थांबला. सगळंच थांबलं.

"ती विचारते, मग कुठंय?"

मी विचार केला नाही. खरंच सांगतो, अजिबात केला नाही.

"मागच्या बोटीवर. पांढरी. निळ्या पट्ट्याची."

सँडल अजून हवेतच होती.

"ती म्हणते... गळ्याशपथ?"

मी गळ्याला हात लावला. "गळ्याशपथ."

पडदा एकदम फुगला. डोकं, खांदे, पोट. मी पडद्यासकट तिला कवटाळलं आणि मागे ओढलं. दोघंही जमिनीवर पडलो.

मागे भिंत होती. लोखंडी. पिवळट.

भिंगरीला काही झालेलं नव्हतं. फक्त उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. बर्फासारखा गार. बोटं सुरकुतलेली, तासन् तास पाण्यात राहिल्यासारखी.

"गेली?" मी विचारलं.

"गेली," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर झोपून गेली.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार? रात्र मुलीच्या खोलीत खुर्चीवर काढली. "घोरता म्हणून स्वतःच्याच खोलीतून पळालात का बाबा?" असं तिने चिडवलंही. कुठं आवाज नाही. कुठं ओल नाही. सकाळी खोली आवरणाऱ्या पोराने अंगठा उंचावून दाखवला. गालिचा कोरडा होता.

आम्ही धक्क्यावर उतरलो. ऊन छान पडलं होतं. जावई फोटो काढत होता.

आमच्या शेजारीच ती बोट लागली होती. पांढरी. निळ्या पट्ट्याची.

तिचे लोक अजून उतरत नव्हते. शिडी खाली लागलेली, पण रिकामी. वरून कर्णा बोलत होता. वाऱ्याने अर्धे शब्द उडून जात होते.

"...चार वर्षांची... कुणाला दिसल्यास... तातडीने..."

नाव ऐकू आलं नाही. वय ऐकू आलं.

"अगं बाई, कुणाची तरी पोर हरवली वाटतं," मुलगी म्हणाली.

"सापडेल गं. आइस्क्रीमच्या रांगेत असेल," जावई म्हणाला. "चला बाबा, टॅक्सी थांबलीये."

भिंगरी माझ्या कडेवर होती. तिने हात वर केला आणि कुणाला तरी टाटा केला. हसत.

"कुणाला गं?"

"तिच्या मुलीला."

मी बोटीकडे बघितलं. कठड्याला कुणी नव्हतं. मग भिंगरीची नजर कुठे आहे ते बघितलं. ती वर बघतच नव्हती. बोट आणि धक्का यांच्या मधे जी पाण्याची काळी फट असते... तिच्यात बघत होती.

कर्णा मध्येच थांबला. वाक्य पुरं न करता.

मुलगी सापडली असेल, म्हणून थांबला असेल. मुलं सापडतात. नेहमी सापडतात.

मी विचारायला थांबलो नाही. घरी आल्यावर आठवडाभर वर्तमानपत्र उघडलं नाही. आमची ही म्हणाली, "तब्येत बरी नाही का?"

ही गोष्ट पुष्कळ जण वाचतील. तुमच्यापैकी कुणी त्या बोटीवर असेल, कुणाला काही माहीत असेल. तर हात जोडून एक विनंती आहे.

मला कळवू नका.