सदतीस नावांची वाट

दिल्लीत शिकून मी गावी परतले तेव्हा बरोबर एकच मोलाची वस्तू होती. आमच्या दिबांग नदीच्या वरच्या खोऱ्याचा, कापडावर डकवलेला, इंग्रजी अमलातला नकाशा. त्यात डोंगरांच्या उंचीरेषा वर जाता जाता विरळ होतात आणि पुढे कागद कोराच राहतो. धरणवाल्यांनी अहवालात तेच लिहिलं होतं, वर कुणाचं काही नाही. शुक्रवारी खाली रोइंग शहरात धरणाची सुनावणी होती. ज्या जागेला नाव आहे ती सहज बुडवता येत नाही, असं मी मनापासून मानत होते.

ती नावं फक्त इगूला, म्हणजे आमच्या पुरोहिताला, पाठ असतात. माणूस मेला की इगू एकेक जागेचं नाव घेत त्याच्या जिवाला नदीच्या उगमापर्यंत पोचवतो आणि तीच नावं उलटी घेत स्वतः परत येतो.

रानो आजोबा आमच्या गावचे इगू. मी विचारल्यावर हसले. एवढी शिकलीस आणि मेलेल्यांची वाट विचारत आलीस, म्हणाले. पण नदीसाठी म्हणून तयार झाले.

"एकच सांगतो, पोरी. मधेच उठायचं नाही. मला परतही यायचं असतं."

दुपार होती. चुलीपाशी बसून ते नावं घेत गेले, मी कोऱ्या भागात पेन्सिलीने लिहीत गेले. वीस नावांनंतर त्यांना चढावर लागते तशी धाप लागली. आवाज लांबून यायला लागला. धुरात ओल्या शेवाळाचा वास मिसळला. सदतिसावं नाव उगमाचं. तेवढ्यात बाहेर रोइंगची शेवटची जीप भोंगा वाजवू लागली. उलटी नावं मलाही लिहिता येतील, म्हणत मी उठले.

सुनावणीत नावं नोंदली गेली. तिसऱ्या दिवशी परतले तर आजोबा तसेच बसलेले. डोळे उघडे, श्वास धिमा.

"जागचे हलले नाहीत गं," आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "आणि हे बघ..."

त्यांच्या पोटऱ्यांवर जळवा होत्या. ऐन हिवाळ्यात.

मी नकाशा उघडला, बोट उगमावर ठेवलं आणि मोठ्याने वाचत खाली येऊ लागले. पाच नावं उरली असताना त्यांची पापणी हलली. मी आनंदाने नकाशा टाकून त्यांचा हात धरला. उरलेली पाच त्यांची त्यांनीच पुटपुटली; माझ्या तोंडून ती राहिलीच.

"मी आलो, पोरी," ते म्हणाले. "तू कुठवर आलीस?"

मी समोरच बसले होते. आजीने चहा गाळला. एक कप त्यांना दिला, एक स्वतः घेतला, तिसऱ्यावर बशी झाकली.

"पोरगी येईपर्यंत गार नको व्हायला," ती म्हणाली आणि दाराबाहेरच्या वाटेकडे बघत बसली.