वीजराणीला कुणी विचारलं?

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात तनुजा वांगी निवडायला वाकली आणि तिचं डोकंच फिरलं. कॅरेटच्या तळाशी, पुस्तकाच्या फाटक्या पानावर, वीजराणी पडली होती! ढगाच्या घोड्यावर बसलेली, हातात तलवार... आणि तोंडाला चिखल.

"हे पुस्तक कोनं फाडलं?"

"म्या," भाजीवाला पवन म्हणाला. "खाली कागद नसला तं वांगे घासतेत, मॅडम. रद्दीतून आणलं."

"माहं हाय ते! नाव पाय!"

पानावर होतंच : तनुजा दौलतराव, पाचवी ब. त्याचं काय झालं, तनुजाला पाहायला पाहुणे येणार म्हणून तिच्या आईनं, गिरजाबाईंनी, घर धुऊन काढलं. त्या झाडाझडतीत नाना हिवरखेडकरांचं गोष्टीचं पुस्तक गेलं रद्दीत. ज्या नानांच्या राक्षस-पऱ्या वाचण्यापायी पोरीनं लहानपणी ताटावरून उठून मार खाल्ला, ते नाना आता वांग्याखाली. संताप येणार नाही तर काय?

"लाज नाई वाटली टरटरा फाडताना?"

"आधी वाचलं, मंग फाडलं. सारे पानं. तो काळा डोंगर चालाले लागते ना... गिऱ्हाईक उभं होतं अन् मी वाचूनच राह्यलो होतो."

"मंग काय आरती ओवाळू तुही?"

"ओवाळा ना. नाई कोन म्हनते?"

तिची कानशिलं तापली. रागानंच – असं तिनं स्वतःला बजावलं.

"बाकीचे पानं कुठी हायेत?"

"वाशीमले गेले. टमाट्यासंगं."

"आणून दे मले! नाई तं पाय..."

पुढच्या बाजारी त्यानं खरंच आणली. वाशीमच्या मंडईत रिकाम्या कॅरेटांच्या थप्प्या उपसून, लोकांचं हसू झेलून. पानं वाळवलेली, क्रमानं लावलेली, काहींवर टमाट्याचे डाग. तनुजाच्या ओठांवर गोड शब्द आला होता, पण मेली जीभ! "एवढेच?" म्हणाली. पवन हसला आणि तिच्या पिशवीत सांबाराची जुडी खोचली. हिरव्यागार कोथिंबिरीचा तो वास घरापर्यंत तिच्यासोबत आला.

त्याच आठवड्यात पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. वडिलांनी, दौलतरावांनी, ओसरीवरच होकार दिला. आत बसलेल्या पोरीला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या बाजारी आभाळ भरून आलं होतं. तनुजा तरातरा आली आणि पानं ताजव्यात आपटली.

"फसवलं नानानं! राक्षस तिनं मारला, डोंगर तिनं फोडला. अन् बापानं शेजारच्या राजकुमाराले देऊन टाकली! 'राणीने मान खाली घातली.' संपली गोष्ट! याच पानावर मी लहानपणी टाळ्या वाजवल्या, पवन! तिले इचारलं तरी का कोनं?"

"मलेबी लई राग आला होता," पवन म्हणाला. "म्हनून तं ते पान टमाट्याखाली घातलं म्या."

तिला हसू फुटलं... आणि लगेच डोळे भरले.

तो हळूच म्हणाला, "तुले इचारलं काय कोनं?"

"नाई."

पवननं हातातलं वजन खाली ठेवलं. हात पँटीला पुसले. पुन्हा पुसले.

"मंग मी इचारतो. तनुजा... मह्यासंगं लगन करशीन? नाई म्हनलं तरी चालीन. वांगे ताजेच देईन."

"असं इचारतेत काय? भर बाजारात?" ती फणकारली. थेंब पडू लागले होते. तिच्या गालावरचं पाणी कुठलं, ते त्यानं विचारलं नाही. फक्त बघत राहिला – आणि तिनंही नजर काढून घेतली नाही.

"तुमच्या घरी येऊ? तुह्या बाबाले मी सांगतो."

"कायले? मले तोंड नाई काय? मीच सांगीन त्याईले. मान वर करून."

"म्हंजे... हो?"

तनुजानं शेवटचं पान उचललं. टर्रकन फाडलं आणि रिकाम्या कॅरेटात अंथरलं.

"टाक याच्यावर वांगे," ती म्हणाली. "हो म्हनलं ना, बयताडा!"

आणि तशीच, राग न उतरलेली, ती घराकडे निघाली. त्या रागाचं घरी अजून काम होतं.